वर्गात मुलांना हलू द्या : शाळेच्या बाईंना आणि संस्थाचालकांना एक खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापिका बाई आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सर्व पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेलच, आणि बाकीच्यांना नावाची गरज नाही, कारण मी जे लिहितेय ते भांडुपपासून भायखळ्यापर्यंत कितीतरी शाळांत थोड्याफार फरकाने चालू आहे. मागच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची सूचना आली. दिवाळीनंतर पाचवी ते आठवीच्या पीटीच्या दोन तासांपैकी एक तास स्कॉलरशिप आणि स्पर्धा परीक्षांच्या सरावाला जाणार, दुसरा तास हवामान आणि मैदान बघून होणार, आणि मधल्या सुट्टीत डबा वर्गातच खायचा, जिन्यात आणि पॅसेजमध्ये फिरायचं नाही. खाली भराभर अंगठे आणि जोडलेले हात आले. मी काही टाकलं नाही. वर्गशिक्षिका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या वरून आलंय, ऑफिसात विचारलं तर म्हणाले लेखी द्या. म्हणून हे लेखी देतेय, आणि सगळ्यांसमोर देतेय, कारण ग्रुपवर अंगठा टाकणाऱ्या बऱ्याच आया मला नंतर वेगळा मेसेज करून म्हणाल्या की पटलं नाही पण बोलणार कोण.

माझा मुलगा तुमच्या शाळेत सहावीत आहे. शिवाय मी घरी शिकवण्या घेते, आमच्या चाळीतली आणि बाजूच्या बिल्डिंगमधली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात, त्यातली निम्मी तरी तुमच्याच शाळेची. म्हणजे दिवसभर शाळेत बसून आलेली मुलं संध्याकाळी कशी दिसतात हे मी रोज बघते. खांदे पुढे आलेले, डोळे जड, आणि दप्तर टाकल्या टाकल्या विचारतात, "ताई, उभं राहून लिहिलं तर चालेल का?" हा प्रश्न एखादं मूल नाही विचारत, बरीच विचारतात.

या सहामाहीत मुलाच्या डायरीत शेरा आला. "सारखा पाय हलवत असतो, शेजारच्यांना त्रास होतो, पालकांनी लक्ष द्यावे." मी शाळेत आले तेव्हा बाईंनी प्रेमाने त्याची जागा दाखवली, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, एका वर्गात अठ्ठावन्न मुलं सांभाळतात त्या. पण मी ते बाक नीट बघितलं. दोघांच्या लोखंडी बाकावर तिघं बसतात, माझा मुलगा मधला. त्याला बाहेर पडायचं तर कडेच्याने उठावं लागतं. दप्तर ठेवायला जागा नाही म्हणून तिघांची दप्तरं खाली पायाशी, आणि मुलांचे पाय त्या दप्तरांवर, गुडघे वर आलेले, फळीला टेकलेले. मी स्वतः तिथे पाच मिनिटं बसून बघितलं. पाय लांब करता येत नाहीत, आडवे करता येत नाहीत, हलवणं एवढंच करता येतं. दुपारी साडेबाराला आलेलं मूल सहापर्यंत असं बसतं, मध्ये एक सुट्टी, आणि आता त्या सुट्टीतही त्याच बाकावर बसून डबा. अशा जागेवर पाय न हलवणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटेल.

हाताची घडी, तोंडावर बोट. आपण सगळेच त्यात वाढलो. त्या पद्धतीने शिकून आपण मोठे झालो, चांगले झालो, मग आताच्या मुलांना काय होतंय, असं मला एका आजोबांनी ग्रुपवर विचारलं. काका, मी तुमचा मान राखून सांगते, तुम्ही शाळेतून सुटल्यावर गल्लीत खेळत होता. लगोरी, विटीदांडू, लंगडी, डबा ऐसपैस. गिरणगावात तर गल्लीगल्लीत कबड्डीचे संघ होते आणि व्यायामशाळा होत्या. आज आमच्या चाळीसमोर खेळायची जागा म्हणून जी होती तिथे टू-व्हीलर आणि टेम्पो उभे असतात, शेजारच्या नव्या टॉवरमध्ये पोडियमवर खेळायला बाहेरच्या मुलांना सोडत नाहीत, आणि मूल शाळेतून स्कूल व्हॅनमध्ये बसतं ते दारात उतरतं, मग शिकवणीला बसतं, मग जेवून मोबाईल घेऊन बसतं. म्हणजे आधी शाळा हे दिवसातलं बसण्याचं ठिकाण होतं आणि बाकी दिवस हलण्याचा होता. आता दिवसभर बसणंच आहे, आणि हलण्याची आशा राहिली ती फक्त शाळेत. म्हणून शाळेचा निर्णय आम्हाला एवढा लागतो.

आता हिशेब मांडते, तो तुमच्याच वेळापत्रकावरून. पीटीचे दोन तास, प्रत्येकी पस्तीस मिनिटं, आठवड्याला सत्तर मिनिटं. त्यात रांगा करून तीन मजले उतरणं आणि परत चढणं धरलं तर खेळ होतो पन्नास मिनिटं. एक तास काढला की उरली पंचवीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं सांगितलंय, शिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारी. रोज साठ म्हणजे आठवड्याला चारशेवीस. आपण देतोय पंचवीस, तेही हवामान बघून. त्याच संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, म्हणजे हे दुखणं फक्त आपल्या शाळेचं नाही हे मला कळतं. पण आपल्या शाळेपुरतं तरी आपण ते वाढवू नये ना.

आणि हवामानाचं म्हणाल तर मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानात चिखल. ऑक्टोबरमध्ये ऊन सोसत नाही. नोव्हेंबरपासून थंडीत हवा इतकी धुरकट असते की गेली काही वर्षं डॉक्टरच सांगतात सकाळी मुलांना बाहेर पळवू नका. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस, मैदानावर मंडप. त्यानंतर परीक्षा. आणि मधल्या शनिवार-रविवारी, कधी कधी शुक्रवारीसुद्धा, मैदान लग्नाला आणि प्रदर्शनाला भाड्याने दिलेलं असतं, सोमवारी मुलं तिथे खिळे आणि प्लास्टिकच्या प्लेटा वेचून मग खेळतात. संस्थेला पैशाची गरज असते हे मान्य, पण मग हवामान आणि मैदान बघून याचा अर्थ वर्षातून मोजके आठवडे असाच होतो, हे तुम्हीही जाणता.

म्हणूनच माझं मूळ म्हणणं मैदानाबद्दल नाहीये. मैदान हवंच, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे, त्यावर कधीतरी वेगळं बोलू. माझं म्हणणं आहे वर्गाबद्दल. हालचाल वर्गात आणा. अभ्यास थांबवून नाही, अभ्यासातच. पाऊस असो, धूर असो, मैदानावर मंडप असो, वर्ग तर रोज भरतो.

हे ऐकून तुम्हाला वाटेल ही बाई कुठलं फॅड घेऊन आली. तर मी माझ्या शिकवणीत काय करते ते सांगते. माझी खोली दहा बाय बारा, त्यात कपाट आणि शिलाई मशीन, मुलं भिंतीला टेकून बसतात. पाचवीतली एक मुलगी आहे, तिला काळ काही केल्या कळत नव्हते, भूतकाळ विचारला की भविष्यकाळ सांगायची आणि घाबरून गप्प व्हायची. एक दिवस सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, मी वाक्य म्हणेन, भूतकाळ असेल तर एक पाऊल मागे, वर्तमानकाळ असेल तर जागेवर टाळी, भविष्यकाळ असेल तर एक पाऊल पुढे. "आजी बाजारात गेली." सगळी मागे. "बाबा उद्या येतील." सगळी पुढे, ही एकटी मागे गेली, बाजूच्यांकडे बघितलं आणि पटकन दोन पावलं पुढे आली. कोणी हसलं नाही कारण सगळीच हलत होती, कोण चुकलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. हळूहळू ती बाजूला बघायची थांबली. मग "मी जेवले आहे" आणि "मी जेवत होते" यावर मुलांचाच वाद सुरू झाला की किती पावलं मागे जायचं, आणि पूर्ण आणि अपूर्ण काळ मला वेगळा शिकवावाच लागला नाही. याला किती जागा लागली? एका लादीएवढी पुढे आणि एका लादीएवढी मागे.

असंच शुद्धलेखनाचं. काना असेल तर ताठ उभं राहायचं, मात्रा असेल तर एक हात डोक्यावर तिरका, वेलांटी असेल तर दोन्ही हात डोक्यावर कमान करून, पहिली असेल तर डावीकडे झुकून आणि दुसरी असेल तर उजवीकडे, उकार असेल तर गुडघ्यात वाकायचं, ऱ्हस्व असेल तर थोडं, दीर्घ असेल तर पूर्ण खाली. "कुटुंब" आणि "भूमिती" असे शब्द दिले की मुलं घामाघूम होतात आणि पहिला-दुसरा उकार अंगातच बसतो. पाढे जागेवर पाय आपटत किंवा उड्या मारत म्हणायचे. कोन शिकवताना दोन हातांनी काटकोन, लघुकोन, विशालकोन करायचे, बाई नाव घेतात आणि मुलं हात फिरवतात. इतिहास-भूगोलात तर किती करता येईल. मुंबईची सात बेटं तिसरीतल्या मुलांना पाठ करायला लावतो आपण. त्यापेक्षा कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशा सात ठिकाणी खडूने गोल काढून मुलांना उभं करा आणि मग भराव टाकत टाकत एकेका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाऊ द्या, दक्षिणेकडून उत्तरेकडे. ज्या मुलाने वरळीच्या गोलात उभं राहून महालक्ष्मीकडचा बांध ओलांडला ते मूल कुठलं बेट कुठे होतं हे पेपरात विसरणार नाही.

आणि हे फक्त माझ्या खोलीतलं नाही. नेदरलँड्सच्या उत्तर भागात १२ प्राथमिक शाळांमध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांवर दोन वर्षं नीट अभ्यास झाला, २०१६ साली तो बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. आठवड्यातून तीन वेळा वीस-तीस मिनिटं गणित आणि भाषा उभं राहून, हालचाल करत शिकवली. वर्गातच, बाकाच्या मागे. शब्दात जितकी अक्षरं तितक्या उड्या, गुणाकाराचं उत्तर जितकं तितक्या उड्या, असं. दोन वर्षांनी ही मुलं गणितात आणि स्पेलिंगमध्ये बाकीच्या मुलांच्या साधारण चार महिने पुढे होती. वाचनात मात्र फरक पडला नाही, हेही त्यांनी लिहिलंय आणि मीही लिहितेय, कारण मला जादू विकायची नाहीये. पण यातून एक गोष्ट तर कळते ना की हलल्यामुळे अभ्यास मागे पडला नाही. तुमची भीती तीच आहे, अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही ही. ती भीती खरी असती तर त्या मुलांचं गणित घसरलं असतं.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २४ शाळांमध्ये तीन वर्षं असाच प्रयोग झाला, आठवड्याला ९० मिनिटं हालचालीतून धडे द्यायचे असं ठरलं होतं. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ज्या वर्गात शिक्षक स्वतः मुलांबरोबर हलले तिथली मुलं जास्त हलली. म्हणजे खर्च काय तर बाईंनी चार उड्या मुलांबरोबर मारायच्या. (आमच्या पाचवीच्या बाई पावसाळ्यात एकदा वर्गात मुलांबरोबर फुगडी घालत होत्या, अजून पोरं ते सांगतात.) फिनलंडमध्ये २०१० पासून शाळांमध्ये मुलांचं बसणं कमी करायचा मोठा कार्यक्रम चालू आहे, आता बहुतेक शाळा त्यात आहेत.

परदेशाचं सोडा म्हणाल, तर आपलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० बघा. त्यात खेळ एकात्मिक अध्ययन म्हणून स्पष्ट लिहिलंय की वर्गातल्या शिकवण्यात शारीरिक हालचाल आणि देशी खेळ आणायचे, म्हणजे मुलांना फिटनेसची सवय आयुष्यभराची लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून शिकणं आणि मुलांच्या शारीरिक आणि मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास असे शब्द आहेत. म्हणजे मी मागतेय ते नवीन काही नाही, कागदावर आधीच मंजूर आहे, फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वर्गापर्यंत पोचलेलं नाही.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या स्पष्टच लिहिते.

सगळ्यात आधी, पीटीचा तास हा शाळेत सगळ्यात स्वस्त तास झालाय. गणिताचा पोर्शन राहिला, पीटीचा तास घ्या. कोणी पाहुणे येणार, पीटीचा तास घ्या. गृहपाठ राहिलेल्या मुलांना तर त्या तासाला वर्गातच बसवून लिहायला लावतात, म्हणजे ज्या मुलाला एका जागी बसणं सगळ्यात जास्त जड जातं त्याचंच हलणं आपण काढून घेतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही, पण परिणाम तोच होतो.

दुसरं, शिक्षा. उठाबशा, मैदानाला फेऱ्या, अंगठे धरून उभं राहणं. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे आहेच, पण मला त्याहून वाईट वाटतं ते हे की व्यायाम म्हणजे शिक्षा असं मुलांच्या डोक्यात आपणच घालतो. मग तेच मूल मोठं झाल्यावर व्यायामाला कंटाळतं तर दोष कोणाचा?

तिसरं, मुलींचं. सहावी-सातवीपासून मुली मैदानावर उतरतात पण कट्ट्यावर बसतात. मुलं क्रिकेटची पिच धरतात, मुलींना युनिफॉर्मचा स्कर्ट घालून उड्या मारायला संकोच वाटतो, पाळीचे दिवस असतात ते कोणाला सांगायचे. वर्गातली हालचाल सगळ्यांची एकदम असते, त्यात चांगला खेळणारा आणि न खेळणारा असा भेद नसतो, म्हणून मला ती मुलींसाठी आणि जाड म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलांसाठी फार मोलाची वाटते. मैदानावर टीम निवडताना ही मुलं शेवटी उरतात. काळाच्या खेळात कोणी शेवटी उरत नाही.

मधल्या सुट्टीची बंदी जिन्यात एक मूल पडल्यामुळे आली हे मला माहीत आहे, त्या मुलाचा हात प्लास्टरमध्ये होता, त्याच्या आईची भीती मी समजू शकते. पण जिना अरुंद आहे तर जिन्यावर कोणीतरी उभं करा, मजल्याप्रमाणे सुट्टीची वेळ दहा मिनिटं पुढेमागे करा. आठशे मुलांना बाकावर बसवून ठेवणं हा जिन्याचा इलाज नाही. आम्ही पालक पाळीपाळीने जिन्यावर उभे राहायला येतो, मी आजच चार नावं देऊ शकते.

मला शिक्षकांचीही बाजू दिसते, ती लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. वर्गात साठेक मुलं, वर ऑनलाइन माहिती भरा, निवडणूक आली की ड्युटी, त्यात पालक ग्रुपवर प्रत्येक मार्काचा हिशेब मागतात. स्कॉलरशिपचा सराव वाढवा म्हणून मागणी आमच्यातल्याच काही पालकांनी केली होती हेही मला ठाऊक आहे. त्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की एकदा मुलाच्या बाकावर तासभर बसून या, मग बोलू. स्कॉलरशिप मिळावी असं मलाही वाटतं. पण पाच तास बसलेल्या मुलासमोर सहाव्या तासाला अजून एक सराव पेपर ठेवला तर ते मूल पेपर बघतं, वाचत नाही. दहा मिनिटं हलवून मग ठेवा.

आवाज होईल, खालच्या वर्गाला त्रास होईल, हा मुद्दा मला ऑफिसातही सांगितला. होईल, सुरुवातीला होईल. सगळं उड्या मारूनच करायचं असं नाही. हातांच्या हालचाली, टाचा वर करून चवड्यावर उभं राहणं, जागेवर गुडघे उचलणं, भिंतीला टेकून अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं राहणं, यातलं काहीच खालच्या मजल्यावर ऐकू जात नाही. शरीराचं साधं गणित आहे, पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं, तासन्‌तास ते हललेच नाहीत तर मूल सुस्त होणारच. टाचा वर-खाली करायला आवाज लागत नाही. आणि सगळ्या वर्गांची वेळ एकच ठेवली, म्हणजे तिसऱ्या तासाच्या शेवटी सगळी शाळा हलतेय, तर त्रास कोणाला होणार?

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

पीटीचे दोन्ही तास जसे होते तसे ठेवा, आणि पाऊस किंवा खराब हवा असेल त्या दिवशी पीटीच्या सरांनी तो तास वर्गात घ्यावा, दुसऱ्या विषयाला देऊ नये. लेझीम आणि सूर्यनमस्काराला जागा कमी पडते हे खरं, पण सरांना जागेवर करायचे कितीतरी प्रकार येतात, त्यांना विचारा तरी.

पहिली ते आठवी रोज दोन वेळा, तिसऱ्या तासात आणि सहाव्या तासात, दहा दहा मिनिटं हालचालीतून अभ्यास. हे वेळापत्रकात छापा. छापलं नाही तर होत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. विषय कुठलाही असो, त्या तासाच्या बाईंनी आपल्याच धड्यातून करायचं. शिक्षकांना त्यासाठी एका शनिवारी पीटीच्या सरांनी आणि भाषेच्या, गणिताच्या बाईंनी मिळून बसून इयत्तेप्रमाणे खेळ ठरवावेत. माझ्याकडे जे आहेत ते मी वहीत लिहिलेत, ती वही देते. पण कृपा करून याचे फोटो काढा, लिंकवर अपलोड करा, रजिस्टर भरा, असं शिक्षकांच्या मागे लावू नका, नाहीतर दहा मिनिटांतली सात त्यातच जातील.

गृहपाठ केला नाही म्हणून पीटीचा तास किंवा सुट्टी काढून घेणं बंद, आणि व्यायाम शिक्षा म्हणून देणंही बंद. हे लेखी परिपत्रक म्हणून शिक्षकांना जावं.

ज्या मुलांना दमा आहे, ज्यांना चालायला त्रास आहे, जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक खेळाचा बसून करायचा प्रकार आधीपासून ठरलेला असावा, त्यांना कोपऱ्यात बसवून टाळ्या वाजवायला लावू नये. काळाच्या खेळात पावलाऐवजी हात पुढे-मागे केला तरी चालतं. आणि मुलींना रोज पीटीची ट्रॅक पँट घालून यायची परवानगी द्या, यात एक रुपयाचाही खर्च नाही.

बाकावर तिघं बसतात त्याचं काहीतरी करा. वर्गात जास्तीची बाकं लावायला जागा नसेल तर निदान दप्तरं ठेवायला भिंतीला फळ्या मारा, दप्तर पायाखालून निघालं तरी मुलाचे पाय जमिनीला लागतील. फळ्यांचे पैसे पालक जमवू, आमच्यात सुतारकाम करणारेही आहेत.

शाळेच्या दिवशी मैदान भाड्याने देऊ नका, आणि दिलंच तर सोमवारी पहिल्या तासाच्या आत साफ करून घेणं ही भाड्याने घेणाऱ्याची जबाबदारी करारात लिहा.

यातलं काही पटत नसेल तर एवढं करा. सहावीच्या तीन तुकड्या आहेत. एका तुकडीत एक सत्र हे करून बघा, बाकी दोन तुकड्या आत्ता चालतं तसं चालू द्या, आणि घटक चाचणीचे मार्क समोरासमोर ठेवा. डायरीतले शेरेही मोजा, कोणत्या वर्गात किती आले. मार्क कमी झाले तर मी स्वतः पालक सभेत उभं राहून सांगेन की हे बंद करा. माझ्या मुलाची तुकडी त्यासाठी घेतली तर माझी हरकत नाही, बाकीच्या पालकांच्या सह्या मी गोळा करते.

पालक-शिक्षक संघाची पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीआधी आहे. हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि संस्थेतर्फे कोणीतरी त्या सभेला बसावं, कारण मागच्या वेळी वर कळवतो असं सांगितलं गेलं आणि उत्तर आलं नाही. नव्या वेळापत्रकाची छपाई त्या सभेपर्यंत थांबवा. उत्तर फोनवर नको, लेखी द्या, म्हणजे मी ते ग्रुपवर सगळ्यांना दाखवू शकेन. फळ्या मारायला आणि बाकं सरकवायला पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सातआठ जण मोकळे आहोत, शिपाईमामांना वर्ग उघडा ठेवायला सांगा.

आपली,
सहावीतल्या एका विद्यार्थ्याची आई,
भांडुप, मुंबई